पिल्झेनची ऐतिहासिक ब्रुअरी पाहायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

प्रागला जाणारे मराठी पर्यटक चार्ल्स पूल, किल्ला आणि जुन्या चौकातले खगोलीय घड्याळ पाहून बहुधा थेट व्हिएन्ना किंवा बुडापेस्टची गाडी पकडतात. त्या आखणीत एक दिवस वाढवता येत असेल, तर तो प्रागच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या पिल्झेन शहराला द्यावा आणि त्या दिवसाच्या केंद्रस्थानी तिथली पिल्झनर उर्क्वेल ही ब्रुअरी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. सोनेरी रंगाची, आरपार दिसणारी आणि किंचित कडवट चवीची जी बिअर आज जगभर ‘पिल्झनर’ किंवा नुसती ‘पिल्स’ म्हणून ओळखली जाते, तिचा पहिला घाणा ५ ऑक्टोबर १८४२ रोजी याच आवारात शिजला. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटलीबंद लागर, म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेल्या, बिअरचे मूळही याच परंपरेत सापडते.

मद्यपान न करणाऱ्यांनी हे ठिकाण आपल्यासाठी नाही असे समजू नये. इथे पाहण्यासारखी गोष्ट पेल्यात नसून जमिनीखाली आहे: वालुकाश्मात हाताने खोदलेली नऊ किलोमीटर लांबीची तळघरे, पिढ्यानपिढ्या लाकडी पिंपे घडवणाऱ्या कारागिरांची कला, आणि एका शहराने स्वतःच्या वाईट मालाला वैतागून एकत्र येऊन उभा केलेला कारखाना. औद्योगिक इतिहासाची थोडीशी जरी आवड असली, तरी एक थेंबही न पिता हा दिवस सार्थकी लागतो.

जाण्यापूर्वी एवढा इतिहास वाचून ठेवावा

आतला मार्गदर्शक इतिहास सांगतोच, पण तो भराभर सांगतो, आणि इंग्रजीतून सांगत असला तरी चेक नावांच्या गर्दीत मुद्दा निसटतो. म्हणून त्याचा गाभा आधी डोक्यात असलेला बरा.

राजा दुसरा वेन्सेस्लास याने १२९५ मध्ये पिल्झेन वसवले आणि तिथल्या २६० नागरिकांना बिअर गाळण्याचा हक्क दिला. हा हक्क माणसापेक्षा घराला चिकटलेला होता. घर विकले की हक्कही नव्या मालकाकडे जाई. पुढची पाच शतके प्रत्येक हक्कदार आपापल्या परीने बिअर करीत राहिला, त्यामुळे दर्जाचा काही भरवसा नव्हता. १८३८ मध्ये माल इतका खराब निघाला की तब्बल ३६ पिंपे नगरभवनासमोर सर्वांच्या देखत ओतून देण्यात आली. त्या प्रसंगानंतर हक्कदार नागरिकांनी ठरवले की घरोघरी वेगवेगळी बिअर करण्यापेक्षा सर्वांच्या मालकीची एकच आधुनिक ब्रुअरी बांधायची. राडबुझा नदीच्या पलीकडची जागा त्यांनी निवडली, कारण तिथे खोदता येण्याजोगा वालुकाश्म आणि चांगले पाणी दोन्ही होते. इमारतीचे काम मार्टिन स्टेल्झर या स्थापत्यकाराकडे सोपवले गेले, आणि शेजारच्या बव्हेरियातील फिल्सहोफेन गावचा २९ वर्षांचा योझेफ ग्रोल हा बिअर बनवणारा उस्ताद नेमण्यात आला.

ग्रोलने बव्हेरियाची पद्धत आणली. तिच्यात यीस्ट भांड्याच्या तळाशी बसून थंड हवेत सावकाश काम करते, आणि मग बिअर कित्येक आठवडे थंडीत मुरत ठेवतात. बव्हेरियात या पद्धतीने होणारी बिअर मात्र गडद रंगाची असे. पिल्झेनमध्ये त्याच पद्धतीला तीन स्थानिक गोष्टी मिळाल्या: गरम हवेवर हलका भाजलेला फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), झाटेत्स भागातले सुगंधी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) आणि क्षार अगदी कमी असलेले हलके पाणी. या जुळणीतून सोनेरी बिअर निघाली. ती ११ नोव्हेंबर १८४२ रोजी, सेंट मार्टिनच्या सणाला, लोकांसमोर आली. ग्रोलचा करार १८४५ मध्ये संपला आणि तो परत गेला, पण रीत तिथेच राहिली.

एवढा भाग लक्षात ठेवून गेल्यास तळघरे इतकी खोल का, पाण्याचा मनोरा इतका मानाचा का, आणि तांब्याच्या भांड्यांपुढे मार्गदर्शक इतका वेळ का थांबतो, हे विचारावे लागत नाही.

पहिली पायरी: आधी वेळ राखून ठेवावी, मग बाकीचा दिवस आखावा

ब्रुअरीत मोकळेपणाने हिंडता येत नाही. ठरावीक वेळी मार्गदर्शकासोबत गट आत जातो, आणि इंग्रजी फेऱ्या दिवसातून मोजक्याच असतात. त्यामुळे सगळ्यात आधी ब्रुअरीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन इंग्रजी फेरीची वेळ राखून ठेवावी आणि मगच रेल्वेचे तिकीट काढावे. हा क्रम उलटा केला की स्थानकावर उतरून चेक भाषेतल्या फेरीत उभे राहण्याची पाळी येते. उन्हाळ्यात आणि शनिवारी-रविवारी जागा लवकर भरतात. जर्मनी किंवा ऑस्ट्रियात राहणाऱ्या मराठी मंडळींना जर्मन समजत असेल, तर जर्मन फेरीही चालते, आणि तिथे कधी कधी गर्दी कमी असते.

माझ्या मते दुपारी एक ते तीनच्या दरम्यान सुरू होणारी फेरी सर्वात सोयीची. फेरीला साधारण पावणेदोन तास लागतात. सकाळ शहरासाठी मोकळी राहते, आणि फेरी संपताच जेवायला बसून संध्याकाळच्या गाडीने परतता येते.

राखीव वेळ घेताना एक घोटाळा टाळावा. प्रागच्या मध्यवर्ती भागातही पिल्झनर उर्क्वेलच्या नावाने २०२३ पासून एक मोठे प्रदर्शन-केंद्र सुरू आहे. ते दृक्‌श्राव्य माध्यमातून गोष्ट सांगणारे ठिकाण असून तिथे बिअर तयार होत नाही. संकेतस्थळावर दोन्हींची तिकिटे जवळजवळ दिसतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी शहराचे नाव पिल्झेन आहे ना, हे नीट पाहून घ्यावे. ज्यांच्याकडे खरोखरच वेळ नाही त्यांनी प्रागमधले केंद्र पाहायला हरकत नाही, पण त्यामुळे ब्रुअरी पाहिल्यासारखे होत नाही.

दुसरी पायरी: प्रवास

चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनीत किंवा अन्य शेंगेन देशात निवास परवाना असलेल्यांना थोड्या दिवसांच्या सहलीसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, पारपत्र आणि परवाना मात्र जवळ बाळगावा.

प्रागच्या मुख्य स्थानकावरून पिल्झेनसाठी जवळपास दर तासाला गाडी सुटते आणि सव्वा ते दीड तासात पोहोचवते. चेक लोक शहराला प्लझेन्य म्हणतात आणि फलकावर तेच नाव असते. आपल्याला उतरायचे ते प्लझेन्य ह्लाव्नी नाद्राझी, म्हणजे मुख्य स्थानक. शहराच्या थोडे अलीकडे गाडी चार किलोमीटरहून लांब बोगद्यातून जाते. २०१८ मध्ये सुरू झालेला हा एयपोवित्से बोगदा चेक प्रजासत्ताकातला सर्वात लांब रेल्वे बोगदा आहे. म्युनिकहून येणाऱ्यांना प्रागला जाणारी थेट गाडी रेगेन्सबुर्गमार्गे पिल्झेनलाच थांबते, आणि प्रवास चार-साडेचार तासांचा होतो. हा लोहमार्ग ब्रुअरीच्या भरभराटीशी जोडलेला आहे. १८६१ मध्ये पिल्झेन बव्हेरियाच्या सीमेशी आणि १८६२ मध्ये प्रागशी रेल्वेने जोडले गेले, आणि तेव्हापासून इथल्या पिंपांना दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या.

मोटार भाड्याने घेऊन जाण्याचा विचार सोडूनच द्यावा. चेक कायद्यानुसार वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचे प्रमाण शून्यच असावे लागते. अर्धा पेला प्यायला तरी चालतो, अशी सवलत तिथे नाही. चौघांपैकी एकाने दिवसभर न पिण्याची तयारी दाखवली तरच मोटारीचा बेत ठीक, अन्यथा रेल्वेसारखी सोय नाही.

ब्रुअरी मुख्य स्थानकाच्या अगदी जवळ आहे, चालत दहा मिनिटांवर. शहराचा जुना भाग त्याच्या विरुद्ध दिशेला, नदीपलीकडे, पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.

तिसरी पायरी: सकाळ जुन्या शहरात घालवावी

पुष्कळ जण आधी ब्रुअरी आणि मग वेळ उरला तर शहर, असा बेत करतात. मला उलटा क्रम योग्य वाटतो. ब्रुअरी ही शहरातल्या घराघरांतून वाढलेल्या व्यवसायाची शेवटची अवस्था आहे. आधी ती घरे पाहिली की नदीपलीकडचा कारखाना कळतो.

वेलेस्लावीनोवा रस्त्यावरचे ब्रुअरी संग्रहालय अशाच एका हक्कदार घरात आहे. तिथे माल्ट तयार करण्याची गॉथिक काळातली जागा मूळ स्वरूपात दिसते: धान्य भिजवून पसरण्याची थंड फरशी, आणि मोड आलेले धान्य वाळवण्याची भट्टी. दालने लहान आहेत, तासाभरात पाहून होतात, आणि गर्दी बहुधा नसते. याच इमारतीतून पिल्झेनच्या ऐतिहासिक भुयारांची फेरी निघते. मध्ययुगापासून नागरिकांनी आपापल्या घराखाली धान्य, मांस आणि बिअर साठवण्यासाठी खोदलेली ही तळघरे हळूहळू एकमेकांना जोडली गेली. त्यांतला सुमारे ८०० मीटरचा मार्ग पाहता येतो. खाली विहिरी लागतात, मडक्यांचे तुकडे आणि लाकडी नळ दिसतात. दुपारी ब्रुअरीची तळघरेही पाहायची असल्याने दोन्हीकडे थंडीत फिरण्याचा ज्यांना कंटाळा येईल, त्यांनी संग्रहालय ठेवून भुयारे वगळावीत.

तिथून पाच मिनिटांवर प्रजासत्ताक चौक आहे. मध्यभागी सेंट बार्थोलोम्यूचे कॅथेड्रल उभे आहे; त्याचा मनोरा १०२ मीटर उंच, म्हणजे देशातल्या चर्चमध्ये सर्वात उंच. मनोऱ्यावर जाता येत असेल तर ३०१ पायऱ्या चढण्याची तयारी ठेवावी. १८३८ मध्ये पिंपे ओतली गेली तो नगरभवनापुढचा भागही याच चौकात येतो, आणि तिथे दोन मिनिटे उभे राहून त्या गर्दीची कल्पना करण्यात वेळ वाया जात नाही. थोडे पुढे १८९३ मध्ये पूर्ण झालेले, युरोपातल्या मोठ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांमध्ये, गणले जाणारे ग्रेट सिनेगॉग आहे.

पिल्झेनचे दुसरे मोठे नाव स्कोडा. शेंद्रा आणि चाकणमुळे हे नाव आपल्याकडे मोटारींशी जोडले गेले आहे, पण एमिल स्कोडाचा मूळ कारखाना अवजड यंत्रांचा आणि तो इथला. म्लाडा बोलेस्लाव येथील लाउरिन आणि क्लेमेंट ही मोटार कंपनी १९२५ मध्ये पिल्झेनच्या स्कोडात विलीन झाली आणि गाड्यांना ते नाव मिळाले. त्या कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये आता टेकमानिया हे विज्ञान केंद्र आहे. घरात शाळकरी मुले असतील आणि त्यांना बिअरच्या कारखान्यात रस नसेल, तर आई-वडिलांपैकी एकाने त्यांना तिकडे न्यावे, हा सर्वात चांगला तोडगा.

दुपारच्या फेरीपूर्वी काहीतरी खाऊन घ्यावेच. फेरीच्या शेवटी मिळणारी बिअर रिकाम्या पोटी घेणे बरे नाही.

चौथी पायरी: कपडे आणि सोबतचे सामान

तळघरात बाराही महिने ५ ते ८ अंश तापमान असते. बाहेर जुलैचे ३० अंश असले तरी पाठपिशवीत जाडसर जाकीट हवेच. खालची जमीन ओली आणि ठिकठिकाणी उंच-सखल असते, म्हणून चपला, सँडल किंवा टाचेचे बूट घालून जाऊ नये. रबरी तळाचे बंद बूट उत्तम. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना सोबत नेत असाल, तर तिकीट काढण्यापूर्वीच पायऱ्या आणि चालण्याचे अंतर याविषयी विचारणा करावी, म्हणजे त्यांना मध्येच थांबावे लागणार नाही. मोठ्या बॅगा प्रागच्या हॉटेलातच ठेवाव्यात.

ओळखपत्र जवळ ठेवावे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे, चेक प्रजासत्ताकात १८ वर्षांची; त्याखालच्या मुलांना फेरीत येता येते, पण बिअर दिली जात नाही.

पाचवी पायरी: आत काय पाहावे आणि कुठे रेंगाळावे

आवाराचे तोंड म्हणजे दोन कमानींचे भव्य प्रवेशद्वार. ब्रुअरीच्या पन्नाशीनिमित्त १८९२ मध्ये ते बांधले गेले, आणि बाटलीच्या लेबलावर जे चित्र असते ते याच दाराचे. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी इथे पोहोचावे, म्हणजे आवार निवांत पाहता येते. १९०७ चा पाण्याचा मनोरा इथूनच दिसतो. ब्रुअरीच्या स्वतःच्या विहिरींचे पाणी त्यात साठवले जाई.

फेरीत बाटल्या भरण्याचे नवे दालन काचेच्या सज्जातून दाखवतात. तासाला एक लाखाहून अधिक बाटल्या भरण्याची त्याची क्षमता आहे. पाहताना डोळे दिपतात, पण असे दालन कुठल्याही मोठ्या पेयकारखान्यात असते, त्यामुळे तिथे छायाचित्रांत फार वेळ घालवू नये.

खरी गोडी पुढे सुरू होते. कच्च्या मालाच्या दालनात माल्ट हातात घेता येतो, चावून पाहता येतो. सातूचे दाणे भिजवून मोड आणतात आणि मग हलक्या आचेवर वाळवतात, तोच माल्ट. दाणा दाताखाली कुरकुरतो आणि त्यात मोड आलेल्या धान्याचा गोडवा लागतो. शेजारी हॉप्स असतात. ही एका वेलीची मादी फुले, हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची. एक फूल दोन बोटांत चुरडावे. आत पिवळी पूड असते, ती बोटांना चिकटते आणि तिचा वास गवत, लिंबाची साल आणि राळ यांच्या मिश्रणासारखा येतो. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध दोन्ही त्या पुडीतून येतात, आणि माल टिकतोही तिच्यामुळे. जिथून हे हॉप्स येतात तो झाटेत्सचा प्रदेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे.

मग बिअर शिजवण्याचे जुने दालन लागते. तांब्याची घुमटाकार भांडी इथे ओळीने उभी आहेत. या ब्रुअरीची ओळख असलेली पद्धत समजून घ्यायची ती इथेच. भरडलेला माल्ट कोमट पाण्यात मिसळून त्याचा एक भाग वेगळ्या तांब्याच्या भांड्यात काढतात, थेट ज्वाळेवर उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात परत ओततात. त्यामुळे सगळ्या मिश्रणाचे तापमान एक पायरी चढते. हे एकदा नव्हे, तीनदा करतात. उघड्या आचेवर उकळताना साखर किंचित करपल्यासारखी होते, आणि त्यातून सोनेरी रंगाची खोली आणि भाजल्यासारखी गोडसर चव येते. आज बहुतेक कारखान्यांनी वेळ आणि इंधन वाचवण्यासाठी ही पद्धत सोडली. इथे ती टिकवली आहे, आणि माझ्या दृष्टीने या भेटीतली सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे. मार्गदर्शकाला प्रश्न विचारायचे असतील तर ते इथे विचारावेत. खाली तळघरात गारठ्यामुळे कुणी फार थांबत नाही.

शेवटी तळघरे. १८३९ पासून छिन्नी-हातोड्याने खोदत गेलेल्या या बोगद्यांचा अगदी थोडा भाग दाखवतात, पण तेवढ्यानेही आवाका कळतो. यंत्रांनी थंडावा निर्माण करणे शक्य नव्हते, तेव्हा हिवाळ्यात तळ्यांतला बर्फ फोडून आणून तळघरांलगतच्या बर्फखान्यात रचून ठेवत आणि त्याच्या गारव्यावर वर्षभर बिअर थंड राखत. १९९० च्या दशकात स्टीलच्या उंच टाक्या आल्या आणि मुख्य उत्पादन वर गेले. तरीही खाली थोडी बिअर आजही जुन्या पद्धतीने ओकच्या उघड्या कुंडांत आंबवतात आणि ओकच्याच मोठ्या पिंपांत मुरवतात, आणि तिची चव वरच्या टाक्यांतल्या बिअरशी ताडून पाहतात. नव्या यंत्रांमुळे मूळ चव ढळली नाही ना, हे तपासण्याची ही त्यांची रीत आहे. ती पिंपे सांभाळायला ब्रुअरीने स्वतःचे पिंपकारागीर ठेवले आहेत. पिंपाच्या आतून राळेचा थर दिलेला असतो, आणि आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना पुन्हा पुन्हा कल्हई करतात तसा तो ठरावीक काळाने नव्याने द्यावा लागतो.

याच पिंपातून पाहुण्यांना बिअर मिळते. कामगार पिंपाच्या तोंडाशी वाकतो, लाकडी तोटी हळूच फिरवतो, आणि पेल्यात आधी पांढरा, दाट फेस चढतो. मग त्याखाली धूसर सोनेरी रंग दिसू लागतो. ही बिअर गाळलेली नसते आणि पाश्चराइझही केलेली नसते, म्हणून ती बाटलीतल्यासारखी लख्ख दिसत नाही. घाईने पिऊ नये. पहिल्या घोटात माल्टची गोडी, मग जिभेच्या मागच्या बाजूला हॉप्सचा कडवटपणा, आणि बाटलीतल्या बिअरपेक्षा सौम्य वायू, असा क्रम जाणवतो. न पिणाऱ्यांनी पेला हातात घेऊन नुसता वास घ्यावा आणि वर जे फूल चुरडले होते त्याची आठवण करावी. तो वास ओळखता येतो.

सहावी पायरी: जेवण आणि तिथले शिष्टाचार

आवारातच ‘ना स्पिल्त्से’ हे प्रशस्त उपाहारगृह आहे. बिअर आंबवण्याच्या जुन्या तळघरांत १९९२ मध्ये ते सुरू झाले. मोठ्या गटाने आधी टेबल सांगून ठेवावे. शांत जागा हवी असेल तर जुन्या शहरात संग्रहालयाला लागून ‘ना पार्कानू’ आहे. तिथेही न गाळलेली बिअर मिळते. प्राझ्स्का रस्त्यावरचे ‘उ साल्झमानू’ हे १६३७ पासूनचे, शहरातले सर्वात जुने पानगृह मानले जाते. त्याच घराण्यातला मार्टिन साल्झमान हा गाडीवान पिल्झेनची नवी बिअर प्रागला घेऊन गेला आणि त्याच्या शिंपी मित्राने, याकुब पिंकासने, शिवणकाम सोडून १८४३ मध्ये तिथे पानगृह काढले. ते ‘उ पिंकासू’ प्रागमध्ये आजही चालू आहे.

चेक जेवण मांसप्रधान असल्याने शाकाहारी मंडळींनी काही नावे लक्षात ठेवावीत. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले चीज. ‘ब्राम्बोराक’ म्हणजे किसलेल्या बटाट्याचे लसूण घातलेले धिरडे. ‘नाक्लादानी हेर्मेलीन’ म्हणजे तेल, कांदा आणि मसाल्यात मुरवलेले मऊ चीज. पहिल्या दोन्हींत अंडे असते. ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाविना, एवढे म्हटले की वाढप्याला कळते, तरी सूप आणि रस्सा कशाच्या पाण्यात केला आहे हे विचारून घ्यावे. मांसाहार करणाऱ्यांनी गुलाश (मांसाचा दाट रस्सा) आणि क्नेडलिक (पावाचे उकडलेले गोळे) एकदा तरी मागवावेत.

बिअर मागवताना ‘पिवो’ म्हटले की अर्धा लिटरचा पेला येतो. ‘मले पिवो’ म्हटले की ०.३ लिटरचा. पिल्झनर उर्क्वेलमध्ये मद्याचे प्रमाण ४.४ टक्के असते, ते ऐकायला कमी वाटते, पण अर्ध्या लिटरचे पेले एकामागून एक येत राहिले की अंदाज चुकतो. नवख्याने लहान पेल्याने सुरुवात करावी. वरचा जाड फेस म्हणजे फसवणूक असे समजून हुज्जत घालू नये. तो मुद्दाम ठेवतात, कारण फेसाखाली बिअरचा वास आणि ताजेपणा टिकतो. ‘ह्लादिंका’ हा नेहमीचा प्रकार, तीन बोटे फेसाचा, ‘श्निट’मध्ये फेस बराच जास्त, आणि ‘म्लीको’मध्ये जवळजवळ सगळा पेला गोडसर, ओल्या फेसाचाच. पेले भिडवताना ‘ना झ्द्रावी’ म्हणत समोरच्याच्या डोळ्यांत पाहतात. जुन्या पद्धतीच्या पानगृहात पेला रिकामा होत आला की न विचारता दुसरा आणून ठेवतात आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढतात. ती चिठ्ठी हेच बिल असते, तिच्यावर आपण काही लिहू नये. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवावी आणि ‘झाप्लातीम, प्रोसीम’, म्हणजे पैसे देतो, असे सांगावे. बिलावर दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी ठेवण्याची रीत आहे. चलन चेक कोरुना. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, पण थोडी रोकड खिशात असावी.

न पिणाऱ्यांसाठी ‘कोफोला’ हे वनस्पतींचा अर्क घातलेले स्थानिक कोला पेय चांगले, आणि ‘बिरेल’ ही याच कंपनीची मद्यविरहित बिअर सर्वत्र मिळते.

कधी जावे

पहिल्या घाण्याच्या स्मरणार्थ ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्रुअरीत उत्सव भरतो. वातावरण रंगतदार असते, पण शांतपणे पाहायला तो दिवस नव्हे. ६ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने शहर मुक्त केले, त्याचा सोहळा मेच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि जुन्या लष्करी गाड्या रस्त्यावर येतात. तेव्हा राहण्याची सोय आधीच करावी. पहिल्यांदा जाणाऱ्याने मेअखेर, जून किंवा सप्टेंबरमधला कामाचा वार निवडावा. तेव्हा दिवस मोठा असतो आणि गट लहान.

परतताना

बाहेर पडण्याच्या वाटेवर भेटवस्तूंचे दुकान आहे. बाटल्या घेण्यापेक्षा तिथला जाड काचेचा कानाचा पेला घ्यावा. तीच बाटली प्रागच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि तळघरातली न गाळलेली बिअर फार टिकत नसल्याने प्रवासाला सोसत नाही. बाटल्या न्यायच्याच असतील तर त्या विमानात हातसामानात चालत नाहीत. कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोपवायच्या बॅगेत मधोमध ठेवाव्यात. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते, म्हणजे अर्धा लिटरच्या चार बाटल्या. विमानतळावरच्या शुल्कमुक्त दुकानातून आणखी काही घेणार असाल तर तेही याच दोन लिटरमध्ये धरले जाते. प्रागकडे जाणारी संध्याकाळची गाडी जेवण आटोपल्यावर चालत गाठता येते, फक्त कुठल्या फलाटावरून सुटणार ते पाहायला दहा मिनिटे हाताशी ठेवून निघावे.